काळ्या चांदीवरचा शिक्का

ख्राइस्टचर्च
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. सुशील,

आशीर्वाद तुला जन्मापासून आहेत आणि ते मध्ये कधी थांबले नव्हते. थांबली होती ती पत्रे. आज ती पुन्हा सुरू करण्याचे कारण भावनिक नसून व्यावहारिक आहे. हे आरंभीच नमूद करतो, म्हणजे तुझा गैरसमज होणार नाही.

तीन वर्षांपूर्वी समीरची मुलगी ऋग्वेदा, माझी नात, चांदीचे काम शिकण्यासाठी तुझ्याकडे हुपरीला आली होती. सहा महिने राहण्याच्या तयारीने आली होती. दुसऱ्या आठवड्यात तू तिला कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलेस आणि मला फोनवर म्हणालास, "पोरगी हुशार हाय अण्णा, पण ह्यो तिचा छंद हाय, धंदा न्हवं. न्यूझीलंडच्या पोरीला भट्टीपुढं बसवून मला गावात हसं करून घ्यायचं न्हाई." त्यावर मीही पुष्कळ बोललो. मी जे बोललो त्यातले एकही वाक्य अशुद्ध नव्हते, एवढेच आज सांगतो.

आता ऐक. त्या मुलीने अभियांत्रिकी कंपनीतील नोकरी सोडली. घराच्या गॅरेजमधून वडिलांची मोटार बाहेर काढली आणि तेथे आपले कामाचे बाक मांडले. समीर रोज सकाळी मोटारीच्या काचेवरचे गोठलेले दंव खरवडताना काहीतरी पुटपुटतो. ते मी ऐकत नाही. त्या गॅरेजमध्ये ती वायकिंग लोकांच्या पद्धतीचे दागिने घडवते. हजार वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातील हे दर्यावर्दी. लूट, व्यापार आणि कारागिरी या तिन्ही गोष्टी ते सारख्याच आवडीने करीत.

सध्या तिच्या हातात तिचे आजवरचे सर्वांत मोठे काम आहे. कॅरन लार्सन नावाच्या निवृत्त परिचारिका आमच्या ओळखीच्या आहेत. त्यांचे पूर्वज डेन्मार्कहून येऊन येथील उत्तर बेटावरच्या जंगलात वसले. त्यांच्या मुलीचे लग्न १५ नोव्हेंबरला आहे. वधूच्या दोन्ही खांद्यांवर लावायचे चांदीचे दोन गोल ब्रोच आणि त्या दोहोंना जोडणारी साखळी, असा हा जोड आहे. प्रत्येक ब्रोचवर एक प्राणी आहे. त्याला सिंह म्हणावे तर तो सिंह नाही आणि मांजर म्हणावे तर मांजर रागावेल. डोळे वटारलेले, देह दोरीसारखा वळलेला, आणि चारही पंज्यांनी काही ना काही घट्ट धरलेले: दोन पंजे चौकटीला, एक स्वतःच्या पोटाला आणि एक चक्क स्वतःच्या गळ्याला. मी विचारले, "हा असा का?" तर म्हणाली, "आजोबा, तो सोडत नाही. दॅट्स हिज होल थिंग."

साखळी तर तू लांबूनच ओळखशील. तिच्यात कडीत कडी नाही. एकाच तारेचे फास एकमेकांतून ओवत ती गोल विणली आहे आणि मग लाकडी पट्टीतल्या भोकांतून ओढून एकसारखी केली आहे. मी म्हणालो, हा तर आपल्या गोफाचा भाऊ. त्यावर तिने मला सांगितले की इंग्रज अभ्यासकांनी वायकिंगांच्या या विणीला त्रिचनापल्लीचेच नाव दिले आहे, कारण तशी वीण त्यांनी आधी तेथे पाहिली होती. ही मुलगी ख्राइस्टचर्चमध्ये बसून डेन्मार्कची वस्तू घडवते आणि तिचे नाव कावेरीकाठचे निघते. मला त्या दिवशी दुपारची झोप लागली नाही.

आता व्यवहार. तात्यांनी स्वतः पोलादात कोरलेला तो शिक्का, पिंपळपानात आपल्या आडनावाचा 'पो', आपल्या भट्टीवरच्या प्रत्येक नगाच्या पाठीवर आजवर उमटत आला. तात्यांच्या मागे तो वडिलोपार्जित म्हणून कायद्याने आणि हक्काने तुझा झाला. या जोडाच्या पाठीवर तो उमटावा, अशी आमची इच्छा आहे. मूळ शिक्का पाठवण्याची आवश्यकता नाही. स्पष्ट छायाचित्र आणि तुझी संमती एवढे पुरे. येथे तसाच कोरून घेता येईल. तुझ्या संमतीवाचून तो कोरला जाणार नाही, हेही लिहून ठेवतो.

तुझा थोरला भाऊ,
राजाराम

ता. क. टपालाने पाठवले तर हे पत्र पोहोचेपर्यंत लग्न होऊन जाईल. म्हणून कागदावर लिहून त्याचे छायाचित्र मंदाच्या फोनवर पाठवत आहे. सोबत त्या जोडाचेही. सौ. मंदा, तू हे त्याला वाचून दाखवू नकोस. नवऱ्याला चष्मा लावायला सांग आणि स्वतः वाचू दे.


ख्राइस्टचर्च
२८ सप्टेंबर २०२५

चि. सुशील,

दोन आठवड्यांनी का होईना, तुझा आवाज ऐकला. लिहिण्याचा कंटाळा तुला शाळेपासून आहे, तेव्हा बोलून पाठवलेस यात नवल नाही. तुझे शब्द जसेच्या तसे उतरवतो, म्हणजे पुढे कोणी नाकारायला नको: "अण्णा, फोटू बघितला. काम काळं हाय. काळं फासलं की सगळं झाकतंय. झाळ झाकती, भोकं झाकत्यात. आमच्यात काळा माल जत्रंत विकत्यात. तात्यांचा शिक्का काळ्या मालावर बसत न्हाई. तुम्ही भट्टी कवाच सोडली, तुमाला न्हाई कळायचं. पोरगीला आशीर्वाद सांगा."

'फोटू' सोडून देतो. 'भट्टी सोडली' हे व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी वस्तुस्थितीला धरून नाही. तात्यांनी मला शाळेत घातले आणि तुला भट्टीपुढे बसवले. दोघांनाही विचारले नव्हते.

उरले काळे. मी हा प्रश्न ऋग्वेदाला तुझे नाव न घेता विचारला. काळ्याखाली सांधे जोडणारी झाळ लपते का, असे विचारताच ती हसली आणि हातातली कानस खाली ठेवून मला समजावू लागली. जुन्या वायकिंग दागिन्यांत कोरलेल्या खाचांत काळे मिश्रण वितळवून भरीत. ती तसे न भरता चांदी गंधकाच्या द्रावणात बुडवून काळी करते आणि मग उंचवटे घासून उजळवते. खोलगट भागात काळे राहते, म्हणून प्राणी दिसतो. दोन्ही ब्रोचांचा काळेपणा एकमेकांशी जुळवायला तिला कितीतरी दिवस लागले. एक किंचित उजळ झाला की दुसरा काढायचा, पुन्हा बुडवायचा, पुन्हा घासायचा.

मला तर हे पटायला क्षणही लागला नाही. माझा सगळा जन्म फळ्यासमोर गेला. फळा काळा नसता, तर माझे शुद्धलेखन कोणाला दिसले असते? आणि ज्याला काही लपवायचे असते, तो फळ्यावर लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल म्हणून सांगतो. वायकिंग लोक चांदीची कडी दंडात घालीत आणि बाजारात पैशांऐवजी तीच तोडून, तोलून देत. घेणारा सुरीने कडेला चरा पाडून टंच, म्हणजे चांदीचा कस, पाही. ऋग्वेदाने मला संग्रहालयातील अशा एका कड्याचे छायाचित्र दाखवले. कडेवर चरेच चरे. म्हणजे ते कडे कितीजणांच्या हातांतून गेले, आणि प्रत्येकाने शंका घेतली. मला तुझी आठवण झाली.

लार्सनबाई परवा काम पाहून गेल्या. येथे अजून गारठा आहे, पण त्या पायांत रबरी सपाता घालून आल्या. येथे त्यांना जॅण्डल्स म्हणतात आणि कोणत्याही ऋतूत घालतात. दारातूनच, येथील माओरी भाषेत नमस्कार करीत, "किया ओरा, राजाराम" म्हणाल्या. 'राजा'तला दीर्घ आकार त्यांनी प्रयत्नपूर्वक शिकून घेतला आहे; आमच्या समीरचे मित्रही तो नीट उच्चारत नाहीत. त्यांनी ब्रोच हातात घेतला आणि उजेडाकडे नेऊन उलटसुलट पाहिला. मग त्या प्राण्याच्या गळ्याला धरलेल्या पंज्यावर बोट ठेवून म्हणाल्या की हा आमच्या आजीसारखा आहे. तिनेही काही सोडले नाही.

तेव्हा विनंती पुन्हा करतो. विचार कर.

राजाराम


ख्राइस्टचर्च
३ ऑक्टोबर २०२५

चि. सुशील,

दसरा झाला. खंडेनवमीला गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा केली. हातोड्या, कानशी, कोरण्या, तार ओढायची पट्टी, सगळे धुतलेल्या पंच्यावर मांडले. झेंडू येथे या दिवसांत मिळत नाही. येथे आता वसंत आहे. अंगणातले शेवटचे पिवळे डॅफोडिल वाहिले. सुखदा, म्हणजे आमची सूनबाई, रुग्णालयातून थेट औषधनिर्मात्याच्या गणवेशातच आली आणि तशीच आरतीला उभी राहिली. काम मागे पडलेले असूनही ऋग्वेदाने त्या दिवशी हत्याराला हात लावला नाही. मी सांगितले नव्हते. तुझ्याकडच्या त्या थोड्या दिवसांत तिने एवढे तरी पाहिले होते, असे दिसते.

तुझा दुसरा निरोप आला. तो पहिल्यापेक्षा लहान आहे: "अण्णा, एक नग पांढरा करून दाखवा. मग बघू."

याला उत्तर देण्याची इच्छा नव्हती. परीक्षा झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा कोरा कागद देऊन बसवण्यासारखे हे आहे. परंतु तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. एकदा मान हलवलीस की तात्यांनाही ती सरळ करता येत नसे.

मी ऋग्वेदाला सहज विचारले, "हे काळे निघते का ग?" ती म्हणाली, "निघतं. का?" मी म्हणालो, "ज्ञानासाठी."

मी विचार करीत आहे.

राजाराम


ख्राइस्टचर्च
२२ ऑक्टोबर २०२५

चि. सुशील,

सोबतची छायाचित्रे आधी पाहा आणि मग हे वाच. पुढून एक, मागून एक, कडेने दोन, आणि भिंगातून घेतलेली तीन.

लक्ष्मीपूजन काल झाले. पूजेला घरातली सगळी चांदी बाहेर निघते, तशी निघाली होती, आणि ती आत ठेवण्यापूर्वी पुन्हा पुसायची म्हणून आज टेबलावरच होती. समीर आणि सुखदा कामावर गेले. ऋग्वेदा पाडव्याचे सामान आणायला रिकार्टन भागातल्या भारतीय दुकानात गेली. मी रिठे काल रात्रीच भिजत घातले होते, हे तुझ्यापासून लपवत नाही.

रिठ्याच्या पाण्याने आणि मऊ कुंचल्याने उंचवटे अधिक उजळले, खळगे मात्र हलेनात. मग सुखदा देवाच्या भांड्यांना जो उपाय करते तो केला. पातेल्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरला, वर ब्रोच ठेवला, खाण्याचा सोडा घातला आणि कढत पाणी ओतले. कुजक्या अंड्यासारखा वास आला आणि माझ्या डोळ्यांदेखत काळे निघून गेले. कोपऱ्याकोपऱ्यांतून निघून गेले. सुशील, ती चांदी अशी बाहेर आली की मला चष्मा काढून पुसावा लागला.

आता शोध. झाळ कोठे आहे, ते शोध. पंजा चौकटीला जेथे चिकटतो तेथे पाहा, गळ्याखाली पाहा, पाठीवर टाचणीची बिजागरी बसवली आहे तेथे पाहा. कोठे भोक आहे का? कोठे झाळ वाहून आली आहे का? मी भिंगाने सगळे पाहिले. मला भट्टीतले कळत नसेल, पण चूक शोधण्यात माझा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही. छापील पुस्तकातही मला चूक सापडल्यावाचून राहत नाही. येथे सापडली नाही.

हे काम माझ्या नातीचे आहे. एका गॅरेजमध्ये, समोर कोणी गुरू नसताना, पुस्तके पाहून आणि हात भाजून घेऊन तिने ते केले आहे. तू तिला गाडीत बसवून दिलेस, त्यानंतर तिने ते केले आहे. आता सांग, तात्यांचा शिक्का कोठे बसतो आणि कोठे बसत नाही.

बाहेर मोटारीचा आवाज आला. ती आली. ब्रोच मी स्वच्छ रुमालात गुंडाळून तिच्या बाकावर ठेवला आहे. येथेच थांबतो.

राजाराम


ख्राइस्टचर्च
२६ ऑक्टोबर २०२५

चि. सुशील,

तुझी संमती मिळाली आणि शिक्क्याचे छायाचित्रही मिळाले. मंदाने वेगळे कळवले की तू खिडकीपाशी फोन घेऊन, डोळ्याला काच लावून दिवसभर बसला होतास, जेवायला उठला नाहीस, आणि शेवटी एवढेच म्हणालास: "झाळ सापडंना. घ्या म्हणावं शिक्का." हे वाक्य मी आयुष्यात ऐकलेल्या उत्तम वाक्यांपैकी एक आहे.

परंतु मध्ये जे घडले ते तुला कळायला हवे, कारण त्याचा तुझ्या संमतीशी संबंध आहे.

त्या दिवशी ऋग्वेदाने रुमाल उलगडला आणि ती उभीच राहिली. मग तिने दुसरा, काळा ब्रोच आणून पांढऱ्याशेजारी ठेवला. मला वाटले, ती रागावेल. मी उत्तरे तयार ठेवली होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बघा आजोबा, याला आता डोळे नाहीत."

मी पाहिले. खरोखर नव्हते. मघाशी भिंगातून मला एकेक रेघ दिसली होती. आता दोन्ही शेजारी पाहिल्यावर दिसले की काळ्यातला प्राणी आपल्याकडे रोखून पाहतो आणि पांढऱ्यातला नुसता चकाकतो. पंजे कोठे संपतात आणि चौकट कोठे सुरू होते, तेही कळेना.

"कोणाला दाखवायला केलंत?" तिने विचारले.

मी तुझे नाव सांगितले. शिक्क्याचेही सांगितले. पहिल्या पत्रात मी 'आमची इच्छा' असे लिहिले होते. त्या 'आमची'त ती नव्हती. तिला यातले काही ठाऊकच नव्हते. ती इच्छा माझी एकट्याची होती.

तिने गंधकाची बाटली काढली, पाणी गरम करायला ठेवले आणि ती कामाला लागली. लग्न तीन आठवड्यांवर आले होते. मी गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. सुखदाने जेवताना मला विचारले, "बाबा, तुम्ही म्हणे सायन्स एक्स्पेरिमेंट केलात?" मी वरण वाढून घेतले. समीर हसला, तेही मी ऐकले नाही.

मग काल तुझा निरोप आला. मी धावत म्हणता येणार नाही, पण माझ्या वयाला शोभेल त्याहून वेगाने गॅरेजमध्ये गेलो आणि फोन तिच्यापुढे धरला. तिने तुझे वाक्य ऐकले. पुन्हा ऐकले. तिच्या चेहऱ्यावर जे आले, ते पाहायला तू येथे असायला हवे होतेस. मग तिने शिक्क्याचे छायाचित्र मोठे करून पाहिले, पिंपळपानाचा देठ किती बारीक कोरला आहे ते मला दाखवले, आणि फोन परत दिला.

"नको, आजोबा," ती म्हणाली.

मी विचारले, "का नको? त्याने मान्य केले आहे. त्याने! तुला कल्पना नाही ही केवढी गोष्ट आहे."

"कल्पना आहे. पण शिक्का म्हणजे काय, तुम्हीच सांगितलं होतं ना? 'हे आमच्या भट्टीवर झालं' असं तो सांगतो. हे तिथं झालं नाही. हे इथं झालं, गॅरेजमध्ये. तिथं मी बसलेच नाही, नुसती चहा पीत होते आणि बघत होते. मग तो लावला तर इट्स अ लाय."

मी म्हणालो की शिक्का कुटुंबाचा आहे.

"कुटुंबाचा नाही. भट्टीचा आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली.

सुशील, लोकांनी नेमके बोलावे म्हणून मी आयुष्यभर भांडलो. नातलग दुरावले, एक मुख्याध्यापक दुरावले, तू तर आहेसच. आणि या मुलीने, जिच्या प्रत्येक वाक्यात मी अर्धे इंग्रजी शब्द मोजून सोडून देतो, मला एका वाक्यात सांगितले की मी जे उमटवायला निघालो होतो ते खरे नव्हते. मला वाईट वाटायला हवे होते. मी खुर्चीवर बसून राहिलो आणि माझी छाती एवढी भरून आली की सुखदाने येऊन माझी नाडी पाहिली.

तेव्हा तुझी संमती तिच्या वतीने आभारपूर्वक परत करतो. हा तुझा अपमान नाही. घाईने वाचू नकोस. चष्मा लावून पुन्हा वाच. तुझ्या शिक्क्याचा अर्थ तिला तुझ्याइतकाच कळतो, आणि म्हणून ती तो घेत नाही.

राजाराम


ख्राइस्टचर्च
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सुशील,

लग्न काल झाले. एका मळ्यावरच्या मोठ्या झाडाखाली, उघड्यावर. वारा फार होता. वधूचा वेष साधा, पांढरा. खांद्यांवर दोन काळे-रुपेरी प्राणी आणि मध्ये छातीवर रुळणारी ती विणलेली साखळी. पुन्हा काळा केलेला ब्रोच कोणता आणि मुळातला कोणता, हे मला ओळखता आले नाही, आणि मी बराच वेळ पाहत होतो. शेजारच्या गृहस्थांना ते जरा विचित्र वाटले असावे. दोन्ही प्राण्यांना डोळे होते.

लार्सनबाईंनी काल तरी बूट घातले होते. त्यांनी मला हाताला धरून त्यांच्या सगळ्या नातलगांपुढे फिरवले आणि प्रत्येकाला सांगितले की ज्या मुलीने हे घडवले तिचे हे आजोबा. एका वृद्धाने मला विचारले, आपणही चांदीचे काम करता का? मी म्हणालो, नाही, माझा भाऊ करतो. भारतातल्या चांदीच्या कामाच्या गावात त्याची भट्टी आहे. हे मी अशा स्वरात सांगितले की त्याने टोपी काढली. किंवा वाऱ्याने उडू नये म्हणून धरली असेल. मी पहिला अर्थ घेतला आहे.

ब्रोचांची पाठ कोरी आहे. जुन्या वायकिंग दागिन्यांवरही बहुधा कारागिराचे नाव नसते, असे ऋग्वेदा म्हणते, आणि आजचे जाणकार नुसत्या कामावरून हात ओळखतात. काल समारंभात तिघांनी तिच्याकडे कामाची मागणी केली. येथे सुटीचे दिवस जवळ आले आहेत, तरी आता मे अखेरपर्यंत तिला सवड नाही.

आता तुझ्या निरोपाविषयी. त्याला एवढे दिवस लावलेस, म्हणून मला वाटले होते की तू रागावलास. मंदाने जे कळवले ते तुला ठाऊक नाही असे धरून चालतो: तू त्या पांढऱ्या ब्रोचची छायाचित्रे गल्लीतल्या प्रत्येक भट्टीवर नेऊन दाखवलीस आणि "आमच्या अण्णाची नात" असे सांगितलेस. नुसते "आमची नात" म्हणाला असतास तरी चालले असते. ते अधिक शुद्धही झाले असते.

निरोप मी प्रथम एकट्याने ऐकला, मग तिला ऐकवला. "अण्णा, पोरगी बराबर बोलली. बसल्याबिगर शिक्का खोटाच. मग तिला म्हणावं, येऊन बस. माझ्या शेजारी बस. बसली की खोटं न्हाई हुणार." मागे कोणीतरी हातोडी चालवत होते. मला तो ठोका तात्यांसारखा, ओळखीचा वाटला, पण तुझ्या भट्टीवर आता कोण बसते हे मला ठाऊक नाही, तेव्हा त्याविषयी काही लिहीत नाही.

ती लगेच हो म्हणाली नाही. मला वाटले होते, म्हणेल. तिने हातातली तार संपेपर्यंत विणली, फास घट्ट केला आणि मग म्हणाली, "जूनमध्ये येईन. इथं विंटर असतो तेव्हा. पण त्यांना विचारा, काळं करू देणार का?"

मी म्हणालो, ते हुपरी आहे. तेथे काळ्याला जत्रेचा माल म्हणतात.

"मला माहितीये. म्हणूनच विचारा. मी पांढरी पैंजणं पण शिकेन, ते सांगतील ते सगळं करीन, सकाळी झाडून पण काढीन. पण माझं काम मी केलं तर ते काळं असणार. आणि त्यांचा शिक्का त्याच्यावर बसणार. चालेल का?"

म्हणजे तुझ्या भट्टीतून, सुशील, तात्यांचे पिंपळपान पाठीवर घेऊन काळी चांदी बाहेर पडेल, आणि सगळे गाव ती पाहील. तू जे टाळण्यासाठी तिला गाडीत बसवून दिले होतेस, त्याहून हे पुष्कळ अधिक आहे. मी तिला अट सौम्य करण्याविषयी सुचवले नाही. सुचवले असते तरी तिने ऐकले नसते, आणि तिने ऐकले असते तर मला आवडले नसते.

याचे उत्तर मला देऊ नकोस. तिला दे. आणि या वेळी बोलून पाठवू नकोस, लिही. तुझे अक्षर वाईट आहे, पण वाचता येते. ती मराठी सावकाश वाचते. एकही शब्द सोडत नाही.

तुझा,
अण्णा